बारा कातड्यांची वेणी

काकांच्या उजव्या खांद्याबद्दल डॉक्टरांनी सांगितलं ते असं: आणखी दोन महिने खुंट्यावर काम केलंत, तर हात डोक्यापर्यंत जाणार नाही, केससुद्धा विंचरता येणार नाहीत. काका म्हणाले, "केस आहेत कुठे?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खुंट्यापाशी जाऊन उभे राहिले.

खुंटा म्हणजे जमिनीत पक्का रोवलेला, कमरेएवढा लाकडी खांब. त्याच्या डोक्यावर अर्धगोल, बोथट पातं. कमावून वाळवलेलं शेळीचं कातडं पुठ्ठ्यासारखं ताठ असतं, कारण आतले तंतू एकमेकांना चिकटून बसलेले असतात. ते या पात्यावरून दोन्ही हातांनी खाली ओढायचं, फिरवायचं, पुन्हा ओढायचं. एका कातड्याला साधारण दोनशे वेळा. काकांनी हे एकोणचाळीस वर्षं केलं. मी एकदा गुणाकार करून पाहिला आणि आलेला आकडा काकूंना सांगितला नाही.

म्हणून मी ड्रम आणवला. आमच्या छोट्या कारखान्यात रसायनं बघणं एवढंच माझं काम, यंत्रांचं मला कोणी विचारत नाही. पण या वेळी मी हट्टाला पेटले. ड्रम म्हणजे माणसाहून उंच असं आडवं बसवलेलं लाकडी पिंप. आत कातडी टाकायची, दार लावायचं आणि पाच-सहा तास फिरवायचं. कातडी वर जातात, धपकन खाली आपटतात, पुन्हा वर जातात. हळूहळू तंतू सुटे होतात आणि कातडं मऊ पडतं. ड्रमवाल्याने तो पंधरा दिवसांच्या बोलीवर ठेवला होता.

काकांची अट एकच होती. आमची सगळ्यात मऊ बारा कातडी हातमोजे शिवणाऱ्या एक बाई दर महिन्याला नेतात. "त्या बाईंनी पिंपातलं कातडं पसंत केलं, तर मी खुंटा सोडला. नाही केलं, तर पिंप परत जाणार आणि तू माझ्या खांद्याचं नाव काढायचं नाही."

"कबूल," मी म्हणाले.

"आणि तुझं ते थर्मामीटर मध्ये आणायचं नाही."

काका ज्याला थर्मामीटर म्हणतात, ते खरं तर माझं मऊपणा मोजायचं उपकरण. त्यात कातडं एका कड्यावर धरतात, वरून एक बोथट सुई दाबतात आणि ती किती मिलिमीटर आत जाते ते वाचतात. हातमोज्यांना निदान पाच लागतात. काकांच्या हातच्या उत्तम कातड्याला मी एकदा गुपचूप पाच पूर्णांक चार मोजले होते.

पंधराव्या दिवशी बाई दुपारी बाराला येणार होत्या. आदल्या दिवशी मी कातडी ओल्या भुशात पुरून ठेवली. कोरडी फिरवली तर नुसतीच घासतात, फार ओली फिरवली तर पुन्हा चिकटतात. पहाटे पाचला ओल मोजली, ती बरोबर वीस टक्के भरली. "टाका आत," असं काकांना सांगून मी हात धुवायला गेले. परत आले तेव्हा ड्रम फिरत होता आणि काका समोर स्टुलावर, लग्नात न बोलावलेल्या माणसासारखं तोंड करून बसले होते.

अकरा वाजता ड्रमवाला उत्तर ऐकायला हजर झाला. मी ड्रम थांबवून दार उघडलं. दारातून एक पाय बाहेर आला, म्हणजे कातड्याचा पाय. मी तो ओढला. त्याच्यामागून आणखी तीन पाय, एक मान, मग मांडीएवढा जाड पीळ, आणि तो काही संपेना. शेवटी ड्रमवाल्याने मला मागून धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून ते सगळं जमिनीवर काढलं. बारा कातड्यांची एक अखंड वेणी झाली होती, दोन्ही टोकांना गुंता आणि मध्ये म्हशीच्या पोटाएवढा फुगवटा.

काकू हिशेबाच्या खोलीतून बाहेर आल्या. "हे काय व्यालं?"

काका वेणीकडे बघत म्हणाले, "मी जोड्या बांधल्या होत्या."

हातमोज्याचा डावा आणि उजवा सारख्याच जाडीच्या, सारख्याच पोताच्या कातड्यांतून कापावा लागतो. म्हणून काका एकमेकांना शोभणारी दोन कातडी निवडतात आणि त्यांच्या मागच्या पायांची गाठ मारतात. मग ती जोडी बाईंच्या हातात पडेपर्यंत सुटत नाही.

"पण ड्रममध्ये टाकतानाही?" मी विचारलं.

"मग काय, सुटी टाकू? आत अंधार गुडूप. कोण कुणाचं कसं कळणार?"

ड्रमवाला म्हणाला, "बांधून टाकू नका असं आमच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नाही. कुणाच्या डोक्यात येईल असं?"

"ह्यांच्या," काकू म्हणाल्या.

ड्रमवाल्याने खिशातून चाकू काढला. काकूंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो चाकू परत खिशात गेला. पातं जरा घसरलं असतं तरी हातमोज्याच्या तळव्याला भोक पडलं असतं.

बाकी उरलं ओढणं. एका बाजूला मी आणि काकू, दुसऱ्या बाजूला ड्रमवाला. काका भुशाच्या पोत्यांवर उंच बसून सूत्रं हलवत होते. "तो नाही, त्याच्या खालचा पाय. ती मान त्या पोटाखालून काढ. अगं, पोटाखालून. भाऊ, तुम्ही स्वतःच आत निघालात, बाहेर या."

एक पीळ अचानक सुटला आणि ड्रमवाला पाठमोरा भुशात जाऊन पडला. डोक्यावर भुसा, हातात मात्र पाय घट्ट. काकूंना हसू फुटलं. मग मला. हसताना हाताची पकड निम्म्याने कमी होते. मोजलेलं नाही, पण त्या दिवशी आम्ही दोघी तीनदा खाली बसलो.

"ओढा, ओढा, दात दाखवू नका," काका म्हणाले, आणि त्यांचेच सगळ्यात जास्त दिसत होते.

बरोबर बारा वाजता हातमोजेवाल्या बाई दारात उभ्या राहिल्या. गळ्यात मापाची टेप, हातात काळी पिशवी. त्यांना हसताना कोणी पाहिलेलं नव्हतं.

"काय चाललंय?"

काका म्हणाले, "मऊ करतोय."

बाईंनी वेणीभोवती एक फेरी मारली. पिशवी खिळ्याला लावली, बाह्या दुमडल्या आणि ड्रमवाल्याला म्हणाल्या, "सरका." तीस वर्षं कातड्यातून सुई काढलेली बोटं ती. त्यांच्या पहिल्याच झटक्याला मी आणि काकू दोन पावलं पुढे फरफटत गेलो.

आता खरी मजा आली. इकडून ओढ, तिकडून ओढ, वरून उडी, खालून वाक. ड्रमवाला एका जोडीच्या दोन कातड्यांमध्ये अडकून गोल फिरला. शेवटचा पीळ राहिला तसे काका पोत्यांवरून उतरले आणि त्यांचा उजवा हात आपसूक पुढे गेला. काकूंनी टोक न सोडता फक्त म्हटलं, "बसा." ते बसले.

पाऊण वाजता सहा जोड्या जमिनीवर वेगवेगळ्या पडल्या होत्या. काकांची एकही गाठ सुटली नव्हती.

धापा टाकतच बाईंनी एक कातडं मुठीत चुरगळलं आणि मूठ उघडली. ते सावकाश पसरत गेलं, घडीची एक रेघसुद्धा राहिली नाही. त्यांनी दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. बाराही बघून झाल्यावर म्हणाल्या, "यापुढे अशीच द्या."

मी उपकरण आणलं. त्या गडबडीत काका आडवे आले नाहीत. सहा पूर्णांक एक. फुगवट्याच्या आतलं होतं त्याला सहा पूर्णांक तीन. मला गप्प बसता आलं असतं.

"काका," मी म्हणाले, "हे काही एकट्या ड्रमने केलेलं नाही. आपण दीड तास ओढत होतो. अट खरी धरायची नसेल तर..."

काकांनी वाकून सुई पाहिली. "म्हणजे पिंप एकटं मला हरवू शकलं नाही."

"नाही. पीळ पडला तो गाठींमुळे, आणि पिळामुळे ओढ बसली. पुढच्या खेपेला सहा बांधून आणि सहा सुटी फिरवून बघायला हवं."

"सुटी तू बघ. बांधायची ती मी बांधणार."

"आणि खुंटा?"

"सोडला म्हटलं ना," काका करवादले. "गाठ काय खांद्याने मारतात?"

काकू पदराने तोंड पुसायला वळल्या. बाईंनी सहा जोड्या पिशवीत भरल्या, बाह्या सरळ केल्या. दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या.

"पुढच्या महिन्यात मी अकरालाच येते," त्या म्हणाल्या. "मी आल्याशिवाय पिंपाचं दार उघडू नका."