दोन ब्रेकांची गाडी

गाडी शिकून गोजरबाईला सोन्याच्या पाटल्या मिळणार होत्या, तिच्या दिपेशला चारचौघांत मिरवायला आई आणि आमच्या प्रमोदला भिंतीवर लावायला साठीच्या शिष्येचा फोटो. मला काय? धूळ. मित्रांनो, मी ड्रायव्हिंग स्कूलची जुनी गाडी आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा इतरांसारखीच होते. शिकवणाऱ्या प्रमोदच्या पायाखालचा जादा ब्रेक मला बदलापुरात चिकटला. माझ्यावर शिकलेले आता मोठ्या गाड्यांतून जातात आणि मला बघून नाक मुरडतात. मुरडोत.

"आये, पहिल्या फटक्यात पास झालीस की पाटल्या," दिपेश म्हणाला होता. बाईनं शिरगावचं मैदानच पाठ केलं. लिंबापाशी वळायचं, दगडापाशी थांबायचं. प्रमोद "वा, काकी" म्हणे आणि हळूच आपला ब्रेक दाबे.

मग मैदानात कुणाच्या तरी हळदीचा मांडव उभा राहिला. आम्ही रस्त्यावर आलो.

"कुठं वळू?" बाईनं विचारलं.

"तुम्हीच ठरवा, काकी."

तिथे लिंब नव्हता. बाई रडकुंडीला आली, मग आपल्याच मनानं वळली. घरी दारातच दिपेशला म्हणाली, "पाटल्या तुझ्या बायकोला कर. मना बारवीला माहेरी जायचाय, कोनाच्या तोंडाकडं न बघता. त्यासाठी शिकायचाय."

"रुसलीस काय?"

"नाय. सुटले."

दुसऱ्या दिवशी माहेरच्या वाटेवर, बारवी धरणाच्या चढावर मी बंद पडले. मागे हॉर्नांची जत्रा. टेम्पोवाला ओरडला, "आंटी, घर पे बैठो ना."

प्रमोदचा पाय ब्रेककडे सरकला.

"पाय वर घे, प्रमोद."

"काकी, गाडी मागं जाईल."

"जाऊ दे. मीच आवरीन."

प्रमोदनं पाय पोटाशी घेतले, पाटावर बसल्यासारखे. मी थोडी मागं गेले, धापा टाकल्या, पुन्हा बंद पडले आणि मग करपल्या वासासकट चढले. माहेरच्या अंगणात भावजय पाणी घेऊन आली.

"कोनी आणला तुम्हाला?"

"मीच आले."

मित्रांनो, शिकणाऱ्याच्या मागे हॉर्न वाजवू नका आणि त्याच्या वाट्याचा ब्रेक दाबू नका. वय विचारू नका. मी तर कुणाचंच विचारत नाही. त्या चढाची किंमत कुणी दिली म्हणाल, तर प्रमोदचा रुबाब गेला, टेम्पोवाल्याचा घसा बसला, बाईच्या जिवाचं पाणी झालं. आणि जळली ती माझी क्लचप्लेट. नवी बसवा, पुन्हा जाळा.