सॉसेजची नोंद

त्या गुरुवारी दुपारी ट्रॅममधून उतरताना सेन्द्रेई आकोशच्या कोटाच्या आतल्या खिशात दोन कागद होते. एक होता संगणक उद्योग महासंघाच्या जीवनगौरव पुरस्काराची यादी. महासंघाचा अध्यक्ष या नात्याने सकाळीच त्याने तिच्यातलं आपल्या जुन्या मित्राचं, वाय्काई ओट्टोचं, नाव खोडलं होतं. दुसऱ्या कागदात ते खोडण्याचं कारण होतं.

जुन्या साम्यवादी राजवटीत गुप्त पोलिसांनी आपल्यावर ठेवलेली फाईल आता अर्ज केला की बघायला मिळते. आकोशने इतकी वर्षं तो अर्ज टाळला होता. आधी संशोधन संस्थेत इंजिनिअर, मग मंत्रालयात उपसचिव, शाळाशाळांत इंटरनेट नेणारा माणूस; त्याला वेळ होता कुठे? शेवटी मागच्या आठवड्यात फाईल हातात आली. बारीकच निघाली, पण आत टाइप केलेला एक उतारा होता. सही नाही, वर फक्त 'विश्वसनीय सूत्र'. व्हिएन्ना, १९८४. 'सेन्द्रेई व त्याचा सहकारी यांनी संगणकाचे नकाशे मिळवले. पाऊस होता. उभ्यानेच सॉसेज खाल्ले.'

पाश्चात्त्य संगणक आपल्या देशाला विकायला तेव्हा बंदी होती, म्हणून त्यांच्या रचनेचे नकाशे चोरून मिळवायचे. नकाशे मिळाले ते एका बोळात, आणि त्या बोळात दोघांखेरीज चिटपाखरू नव्हतं. सहकारी म्हणजे ओट्टो, म्हणजे खबऱ्याही तोच. बेट्याने स्वतःचं नाव तेवढं गाळलं होतं!

एकदा मनात पाल चुकचुकली की सगळंच संशयास्पद दिसू लागतं. व्हिएन्नानंतर कित्येक वर्षं ओट्टो परदेशी गेला नाही, तब्येतीचं कारण सांगायचा. तब्येत तर घोड्यासारखी! मंत्रालयात बोलावलं, तर नको म्हणाला. कुणाला तोंड दाखवायची लाज वाटत होती? आणि तरी वीस वर्षं दर गुरुवारी समोर बसून बुद्धिबळ खेळत होता, हे तर आकोशला फारच लागलं.

दार ओट्टोच्या बायकोने, पिरोश्काने उघडलं. "आले अध्यक्ष! टाय सोड आधी. पोगाचा भट्टीतून आत्ता काढलेत, गार झाले की दगड होतात."

आकोशने त्या खाऱ्या, छोट्या पोगाचा-पावांना हात लावला नाही. पटावर तिसरी खेळी झाली तेव्हा त्याने विचारलं, "ओट्टो, व्हिएन्नातला तो बोळ आठवतो?"

पिरोश्काचा हात ताटलीवरच थांबला. आकोशने तेही टिपलं. म्हणजे हिलाही माहीत आहे तर!

त्याने कागद पटावरच ठेवला. ओट्टोने चष्मा चढवून वाचला, आणि पोट धरून हसायला लागला.

"हसतोस काय? बोल!"

"अरे, पोलिसांच्या कागदात सॉसेज कोण घालतो? दौऱ्याहून आलं की संस्थेला अहवाल द्यावा लागायचा, आठवतं? आम्ही अर्ध्या पानात उरकायचो. तू सहा पानं लिहायचास. हवामानासकट!"

"ते अहवाल संस्थेच्या कपाटात जायचे."

"तिथून पुढेही जायचे. एवढं कळत नव्हतं तुला?"

पिरोश्काने कपाटातून एक पातळ फाईल आणली. ती ओट्टोवरची होती. आत तोच अहवाल, पण अख्खा; 'सेन्द्रेई व त्याचा सहकारी'च्या जागी मुळातलं 'मी व कॉम्रेड वाय्काई', आणि शेवटी आकोशची वळणदार सही. सॉसेजच्या खालच्या ओळी त्याने वाचल्या. 'कॉम्रेड वाय्काई यांनी दोन दिवस उपाशी राहून, स्वतःच्या हिमतीवर, विक्रेत्याशी मैत्री जोडून हे नकाशे मिळवले. त्यांच्या निष्ठेची वरिष्ठांनी नोंद घ्यावी.'

"घेतली त्यांनी नोंद," ओट्टो म्हणाला. "पाश्चात्त्य माणसाशी मैत्री! सहा वर्षं पासपोर्ट नाही."

आकोशने ती सही पुन्हा पाहिली. त्याला संस्थेचे संचालक आठवले. असेच अहवाल वाचून ते म्हणाले होते, हा माणूस लिहितो छान, याला मंत्रालयात पाठवा. तिथूनच त्याचं सगळं सुरू झालं होतं.

"तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"बारा वर्षं झाली."

"आणि बोलला नाहीस?"

"तू चांगल्या मनानेच लिहिलं होतंस, गाढवा. शिवाय गुरुवारी माझ्याकडून हरायला दुसरं कोण येणार?"

आकोशने यादी बाहेर काढली. आपण काय केलं हे त्याने लपवलं नाही. खोडलेल्या नावाच्या वर ते पुन्हा लिहिलं. 

"समारंभात तुझ्यावर मीच बोलणार," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर. तू काय काय केलंस ते सगळं सांगणार."

ओट्टोचं हसू मावळलं. त्याने पोगाचाची ताटली आकोशपुढे सरकवली.

"नाव घाल हवं तर. पण माझं कौतुक करू नकोस, आकोश. मागच्या वेळी केलंस, तेव्हा सीमेपलीकडे ग्राझला भाऊ वारला आणि पासपोर्ट नव्हता म्हणून मला त्याला माती द्यायला जाता आलं नाही."