आत्याच्या पलंगापर्यंतचा सरळ रस्ता

मी एक जुनी मोटर आहे, मित्रांनो. मुठीत मावेन एवढी. माझ्या गोष्टीत थोडा मीठमसाला असेल, तो म्हातारपणाचा हक्क समजा. चाकाचा भाग मात्र शब्दन् शब्द खरा आहे.

माझी उमेदीची वर्षं एका ऑफिसातल्या प्रिंटरच्या पोटात गेली. मी आणि माझी धाकटी बहीण तिथे कागद ओढायचो. किती ओढला म्हणाल, तर तो सलग पसरला असता तर चंद्राला गुंडाळून वर गाठ मारता आली असती. आम्ही नव्या होतो तेव्हा लोक म्हणायचे, "काय सुरेख चालतो हा प्रिंटर!" पुढे कागद अडकू लागला, तेव्हा तेच लोक येता-जाता त्याला चापट्या मारू लागले. उघडून मात्र कोणी बघेना. शेवटी आमची रवानगी जिन्याखालच्या अडगळीत झाली.

तिथून आम्हा बहिणींना एका सॉफ्टवेअर इंजिनीअरने उचलून घरी नेलं. घरी तो आणि त्याची आत्या, दोघंच. संध्याकाळी तो तिच्या पलंगाशी बसून आम्हाला तारा जोडायचा आणि मन मोकळं करायचा.

"माझं काम किती लोक वापरतात कुणास ठाऊक, पण त्यातल्या एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही. काही बिघडलं तर मुळाशी जायला वेळ नसतो. वरून एक ठिगळ लावायचं, मग त्या ठिगळावर दुसरं. आत्या, एकदा तरी मला माझ्या हातची वस्तू चालताना बघायची आहे गं."

चालण्याचा विषय निघाला की आत्या भिंतीकडे तोंड करायची. जिन्यावरून पडून तिचा पाय मोडला होता. प्लास्टर निघालं, हाडही जुळलं, पण भीती काही निघाली नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "आता उठला नाहीत तर पाय कायमचा आखडेल हं." आत्याचं उत्तर ठरलेलं, "उद्यापासून नक्की."

इंजिनीअरने यावर काय तोड काढली असेल? आत्याला उठावंच लागू नये म्हणून रोबोट! बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्याला दोन चाकं, वर एक ताटली. डाव्या चाकाला मी, उजव्याला बहीण. बाहेरच्या खोलीतून चष्मा, औषध, पुस्तक पलंगापर्यंत पोचवायचं, एवढंच काम.

पहिल्याच फेरीला आम्ही डावीकडे वळलो आणि थेट कपाटाखाली घुसलो. कारण अगदी साधं होतं. आत्याचा एक लांब केस माझ्या दांड्याभोवती गुंडाळला गेला होता. मी ओरडून सांगत होते, पण आमचं ओरडणं म्हणजे घर्रघर्र. आवाज येतो म्हणून त्या शहाण्याने मला स्पंजचा तुकडा चिकटवला! मग लॅपटॉप उघडून उजव्या चाकाचा वेग कमी केला. आणखी केस अडकले, त्याने आणखी कमी केला. माझ्यापायी बहिणीचीही गोगलगाय झाली.

पडून राहिलेल्या माणसाला कुतूहलाखेरीज दुसरा उद्योग काय असणार? आत्या सगळं बघत होती.

"ठोंब्या, हा डावीकडे का वळायचा रे?"

"आता नाही वळत. दुरुस्त केलंय."

"ते नाही विचारलं. का वळायचा?"

"डावं चाक हळू फिरतं. म्हणून उजव्यालाही हळू फिरायला सांगितलं."

"म्हणजे एका पायाने लंगडणाऱ्याला तू दुसऱ्या पायानेही लंगडायला लावलंस!" आत्या इतकी हसली की पलंग करकरला. "आण इकडे. कर त्याला उताणा."

तिने केसातली पिन काढून माझ्या दांड्यात घातली. जो गुंता निघाला, त्याचा दोर वळून विहिरीतला हत्ती वर काढता आला असता! मी मोकळी झाले आणि सुसाट निघाले. पण बहीण अजून सांगितल्याप्रमाणे हळूच फिरत होती, त्यामुळे आम्ही उजवीकडे वळून धाडकन भिंतीवर.

"बरा केला तर आणखीच बिघडला की गं हा!" इंजिनीअर डोकं धरून बसला. मग त्यालाच हसू फुटलं. त्याने आपल्या दुरुस्त्या एकेक करून पुसून टाकल्या. लिहिताना मी त्याला पुष्कळदा पाहिलं होतं, पण पुसताना तो जेवढा खूश होता तेवढा लिहिताना कधीच नव्हता.

आम्ही सरळ चाललो. तो मात्र आमच्याकडे बघता बघता आत्याच्या पायाकडे बघू लागला. "सगळ्यात मोठं ठिगळ तर हा रोबोटच आहे," असं काहीतरी तो पुटपुटला आणि पुन्हा लॅपटॉप उघडून बसला.

दुसऱ्या दिवशी आत्याची रहस्यकथा संपत आली होती. नेमकं तेव्हाच इंजिनीअरने ती चाळायला म्हणून बाहेर नेली.

"पाठव रे माझं पुस्तक! खून कोणी केला ते कळेपर्यंत मला चैन नाही."

पुस्तक डोक्यावर घेऊन आम्ही निघालो, आणि खोलीच्या मधोमध थांबलो.

"अडलं बघ तुझं गाढव!"

"अडलं नाही. तिथेच थांबायला सांगितलंय त्याला." इंजिनीअर आमच्या मागोमाग येऊन उभा राहिला. "मी आहे ना इथे. ये."

"मेल्या, भाचा आहेस की वैरी?" उशी आली ती आमच्यावरून गेली. मग लाडीगोडी. "मुनीमच ना रे खुनी?"

"नाही सांगणार."

"मग त्याची बायको?"

"येऊन बघ."

मित्रांनो, मी जमिनीलगतची, मला पावलंच आधी दिसतात. एक पाऊल फरशीला टेकलं आणि झटकन वर गेलं. पुन्हा टेकलं. मग दुसरं. हात पलंगावरून खुर्चीच्या पाठीवर आला, आणि मग कशावरच नव्हता. पावलं थरथरत होती, पण येत होती. पुस्तक माझ्या डोक्यावरून उचललं गेलं.

"अगं बाई! डॉक्टर?"

खोलीच्या मधोमध, कशाचाही आधार न घेता उभी राहून आत्या शेवटचं पान वाचत होती. आपण उभ्या आहोत हे तिच्या ध्यानातच नव्हतं. इंजिनीअर हात पुढे करून होता, पण त्याने तिला धरलं नाही. आपल्या हातची वस्तू तर त्याने कालच चालताना पाहिली होती, पण त्याचे डोळे भरले ते आज.

आता आत्या घरभर हिंडते, आणि मी बहिणीसकट, डब्यासकट फळीवर आहे. माझं काम संपलं. वाईट वाटतं का? थोडं वाटतं. पण तुम्हाला एक मागणं आहे. तुमच्याकडचं एखादं यंत्र वाकडं चालू लागलं तर चापट मारू नका. उताणं करून त्याच्या पोटाखाली बघा, आणि ते असं का वागतं हे आत्यासारखं खोदून खोदून विचारा.

कधीकधी धूळ पुसताना आत्या मला उताणी करते, केस अडकलाय का बघते आणि चाकावर फुंकर घालते. मग मी विजेशिवाय एक पूर्ण गिरकी घेते. चाकाचा भाग आहे, तेव्हा ही थाप नव्हे.