फ्रीजरातले हिमगुरू

कुंडलच्या नानासोंच्या स्वयंपाकघरात श्रावणातल्या त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बायका ओट्याला टेकलेल्या, बाप्ये मागीलदारापर्यंत रांगेत, आणि सगळ्यांचे हात जोडलेले कुणापुढे, तर फ्रिजपुढे! फ्रीजरात बर्फाची मूर्ती प्रकटली होती. खाली मांडी घातल्यासारखं रुंद बूड, वर वाटोळं डोकं.

"हे आमचे हिमगुरू!" गारनाथ महाराज डोळे मिटून सांगत होते. "हिमालयात तप करून कंटाळले, म्हणून भक्ताघरी आले. भक्ती वाढेल तसे वाढतील. उघडा दार, होऊ दे दर्शन!"

आणि खरंच, गर्दी वाढेल तसे गुरू फुगत होते. आता तर फ्रीजरचं झाकणही लागेना.

घरची सून, नानासोंची बायको विजयमाला कोपऱ्यात उभी राहून धुसफुसत होती. दूध नासलं, कोथिंबीर सडली, तिथवर तिनं सोसलं होतं. पण महाराजांनी सासूबाईंच्या, म्हणजे भामाबाईंच्या इन्सुलिनवर घाला घातला आणि तिचं डोकं फिरलं.

"गुरूंच्या पायाशी सुया? काढा त्या!" महाराजांनी फर्मावलं होतं. "बर्फाचं तीर्थ घ्या माई, खडीसाखर घालून. इकडे बर्फ वितळला की तिकडे रक्तातली साखर वितळली!"

भामाबाईंनी इंजेक्शन सोडलं. विजयमालानं औषध शेजारच्या स्वप्नाताईंच्या फ्रिजात नेऊन ठेवलं, पण म्हातारी टोचू देईल तर ना! आता त्यांच्या तोंडाला कोरड पडत होती, डोळ्यांपुढं अंधारी येत होती. सासूचं ते ओढलेलं तोंड बघून विजयमालानं पुन्हा विनवलं.

"आत्याबाई, सुई घ्या वो. पाया पडते तुमच्या."

"गुरू घरात असताना सुई कशाला गं?" भामाबाई हट्टानं म्हणाल्या. "त्येंचा कोप व्हईल."

त्याच वेळी महाराज रंगात आले होते. "गुरूंचं तेज विजेवर चालत नाही! वीज गेली तरी ते वितळणार नाहीत!"

"व्हय का?" म्हणत विजयमालानं पुढं होऊन खटकन बटण बंद केलं. "मग बघूया की."

घरात एकच गलका झाला. सगळ्यांत जास्त घाबरले नानासो. "अगं, चालू कर! वितळवू नगंस!"

"तुमाला का वो येवढा पुळका?"

"न्हाई... भक्ती हाय म्हणून," नानासो कपाळाचा घाम पुसत म्हणाले.

तिनं उकळत्या पाण्याचं पातेलं आत ठेवलं. भजन सुरू झालं. भजनाचा जोर वाढला तसे गुरू घळाघळा गळू लागले. डोक्यावरचा बर्फ सरकला आणि आतून निघाली पालथी वाटी. मांडीचा बर्फ सुटला, खाली स्टीलचा डबा. विजयमालानं झाकण उघडलं. आत मटणाचे तुकडे!

भजन जागच्या जागी थांबलं.

"आखाडातलं हाय," नानासो पुटपुटले. "पावण्यांसाठी आणल्यालं उरलं. आईला कळू नये म्हणून मागं लपवलं, वर वाटी पालथी घातली. मग बर्फानं झाकून टाकलं, मला वाटलं बरंच झालं."

श्रावण पाळणाऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. कुणी हसू दाबत होतं, कुणी ओकारी.

"ही गुरूंची माया..." महाराजांनी सुरुवात केली.

"माया न्हाई, दोरा!" विजयमालानं फ्रिजच्या दाराकडं बोट दाखवलं. नव्या फ्रिजला नजर लागू नये म्हणून महाराजांनीच पूजेच्या दिवशी लिंबू-मिरची बांधली होती. जाड काळा दोरा दाराच्या वरून आत घेऊन आतल्या बाजूला गाठ मारलेली. तिनं दार लावून फटीत वर्तमानपत्राचा कपटा धरला. खाली तो रबरात घट्ट अडकला. दोऱ्यापाशी मात्र अलगद बाहेर आला.

"इथं रबर टेकतच न्हाई. ह्या फटीतनं पावसाळ्याची दमट हवा आत जाती, फ्रीजरला लागली की तिचा बर्फ. तुमी दर्शनाला दार उघडलं की आणखी हवा, आणखी बर्फ. भक्तीनं न्हाई, दमट हवेनं फुगले तुमचे गुरू!"

तिनं दोरा कापला, रबर पुसलं, कपटा पुन्हा धरला. आता तो ओढूनही निघेना.

मागं वळून बघतात तर महाराज मागीलदारानं पसार! लिंबू-मिरचीही मागायला थांबले नाहीत.

पुढच्या आठवड्यात लोक चुकल्यासारखे येऊन फ्रीजर उघडून बघून गेले. गुरू काही पुन्हा बसले नाहीत. नानासोंनी मात्र आईची बोलणी खाल्ली, तीही अख्खा श्रावण.

पण ते पुढचं. त्या सकाळी घर रिकामं झाल्यावर विजयमाला स्वप्नाताईंकडून इन्सुलिन घेऊन आली, आणि सासूपुढं उभी राहिली. भामाबाई ओल्या फरशीकडं बघत होत्या.

"साऱ्यांनी हात जोडलं गं," त्या म्हणाल्या. "आत काय हाय ते एकीनं तरी बघायचं व्हतं. मी तरी."

"आता बघत जाऊया, आत्याबाई. हात जोडायच्या आधी."

भामाबाईंनी पदर बाजूला सारला आणि दंड पुढं केला.