ताई आली की

सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं, पण आमच्या घरात त्या परवापरवापर्यंत रोज बाहेर जायच्या. कधी बाजारात, कधी दाताच्या डॉक्टरांकडे, कधी बहिणीकडे. मीच पाठवायचे त्यांना. सासरे विचारायचे, "ही कुठे गेली?" आणि मी कांदा चिरता चिरता सांगायचे, "येतील इतक्यात, बाजारात गेल्यात." त्यांचं समाधान व्हायचं. पाच मिनिटांनी पुन्हा विचारायचे, तेव्हा नवी थाप शोधावी लागायची नाही, एवढीच काय ती सोय.

सासरे लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. अर्ध्या शहराला त्यांनीच रस्त्यावर सोडलंय, म्हणून आपण जपून चालावं, असं माझा नवरा म्हणतो. सासूबाई जायच्या आधीपासूनच त्यांच्या डोक्यात नवीन काही टिकेनासं झालं होतं. त्या गेल्या, तेही टिकलं नाही.

माझी नणंद, ताई, रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. रिपोर्टात जे आलं ते समोरच्याच्या हातात ठेवायचं, ही तिची नोकरी आणि तोच तिचा स्वभाव. दर रविवारी ती यायची. बाबांनी आईचं विचारलं की त्यांचा हात हातात घेऊन सांगायची, "बाबा, आई गेली. आता ती नाही." आणि तो म्हातारा माणूस दर रविवारी नव्याने ओक्साबोक्शी रडायचा. थोड्या वेळाने विसरून चहा मागायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"ताई, कशाला सांगता हो? लक्षात राहणार आहे का त्यांच्या?"

"जन्मभर संसार केलाय त्यांनी तिच्याशी. तिच्यासाठी रडायचा हक्क आहे त्यांना. तो काढून घेणारी तू कोण?"

"मी? तुम्ही गेल्यावर त्यांचं तोंड पुसणारी!"

असं आमचं जुंपायचं. माझा नवरा अशा वेळी पेपरात डोकं घालून बसायचा, दुसरं काय करणार!

मग एका रविवारी ताई दारात दिसताच बाबा खुर्चीत मागे सरकले आणि त्यांनी उजवा पाय फरशीवर करकचून दाबला. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून ते जन्मभर असाच ब्रेक दाबत आले होते. ताईने अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. ती जवळ गेली तसा त्यांनी हात काढून घेतला.

"ही बाई का येते गं?" त्यांनी मला हळूच विचारलं. "ही आली की कुणीतरी मेल्यासारखं वाटतं."

"बाबा, ताई आहे ती. तुमची मुलगी."

"असेल. पण आज नको म्हणावं."

ताई पाण्याचा ग्लास घेऊन मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं.

बाबांच्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना समजावून सांगितलं. काय घडलं ते मेंदू एका जागी ठेवतो, आणि त्याने पोटात जो गोळा आला तो दुसऱ्या जागी. बाबांची पहिली जागा निकामी झालीय, दुसरी शाबूत आहे. बातमी पुसली जाते, पण ती सांगणाऱ्याच्या चेहऱ्याची धास्ती राहते. ताई मान हलवत होती. भांडणात माझंच खरं ठरलं होतं, पण तिच्याकडे बघवेना.

पुढच्या रविवारी तिने आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी खोटं बोलून पाहिलं. "बाबा, आई बाजारात गेलीय. येईल." आवाजही बरा साधला होता तिने. बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि त्यांचे ओठ थरथरायला लागले.

"काय झालंय? सांग ना, काय झालंय?"

"काही नाही, बाबा. खरंच काही नाही."

तरी ते रडले, कशासाठी ते न कळता. ताई चपला हातात घेऊनच जिना उतरली. त्यानंतर ती आलेली नाही.

आता बाबा खुशीत असतात, दोन घास जास्त जेवतात. खिडकीतून खालच्या गाड्या बघतात, कुणी चुकीचं वळण घेतलं की शिव्या घालतात. आणि हळूहळू त्यांनी सासूबाईंचं विचारणंही सोडलं. मी कामाच्या नादात मुद्दाम म्हणते, "सासूबाई अजून कशा आल्या नाहीत?" ते माझ्याकडे नुसतं बघतात. ताईबरोबर ते दुःखही घराबाहेर गेलं, आणि त्या दुःखाखेरीज सासूबाईंचं त्यांच्यापाशी काही उरलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. हायसं वाटायला हवं होतं मला. नाही वाटलं.

ताई रविवारी फोन करते.

"बरे आहेत का बाबा?"

"बरे आहेत."

"माझं काही विचारतात?"

बाबा समोरच बसले होते, बिस्कीट चहात बुडवत. ताई हा शब्द कानावर पडला असता तरी त्यांनी मान वर केली नसती.

"विचारतात ना," मी म्हटलं. "रोज विचारतात."

"रोज?"

"रोज, ताई."

मग ती "बरं" म्हणाली. पुढच्या रविवारी तिने पुन्हा तेच विचारलं, आणि मी पुन्हा तेच सांगितलं.