पळी

वरण लाल झालं तेव्हा कोंडाबाईच्या हातात पळी होती. अंबाजीअण्णा "खाली ठेव ती" म्हणाले, तरी तिनं ती ठेवली नाही.

गाव कमलनगरपासून जीपने वीस मिनिटांवर. मराठी माध्यमाची शाळा, तिथं दुपारचं जेवण, आणि त्या जेवणावर गेली तीन वर्षं कोंडाबाई. बौद्ध गल्लीतली बाई शाळेच्या चुलीपाशी उभी राहणार म्हटल्यावर पहिला महिनाभर काही लेकरं घरून डबे आणत होती. मग त्यांना वरणाचा वास लागला आणि डबे आपोआप बंद झाले. लेकरांना पोट असतं, मोठ्या माणसांना नाक. अंबाजीअण्णा शाळा समितीचे अध्यक्ष, त्यांचं नाक गावात सगळ्यात लांब. तीन वर्षं ते एका खोटीची वाट बघत होते आणि कोंडाबाई त्यांना ती देत नव्हती.

हाताखाली सोजराबाई होती. अण्णांच्या भावकीतली, कामाला चांगली. भाज्या चिरायची, तांदूळ निवडायची, पण जेवायला स्वतःची भाकरी घेऊन पायरीवर पाठ करून बसायची. कोंडाबाईनं कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच, सगळं दिसत होतं.

उन्हाळ्यात शाळेला नवीन बोअर मारली. पाणी लागलं, पण असलं जड की तुरीची डाळ दोन-दोन तास उकळली तरी दाणा दाताखाली यायचा. मग गावातल्या सगळ्या बाया करतात तेच कोंडाबाईनं केलं, खायचा सोडा टाकला. चिमूटभर पुरतो. त्या दिवशी मात्र चूल उशिरा पेटली होती, म्हणून तिनं अर्धी मूठ टाकली आणि ऑफिसात हजेरीचा आकडा विचारायला गेली. परत आली, हळद घातली, पळी फिरवली. पिवळं व्हायचं सोडून वरण विटेसारखं तांबडंलाल झालं.

पहिल्या रांगेतली पोरं ओरडली, "रगत! वरणात रगत!"

शाळेच्या भिंतीला लागूनच अण्णांचं घर. वहीचं पान आणि पेन घेऊनच ते आले. उभ्या-उभ्या भिंतीवर पान टेकवून त्यांनी लिहिलं, वरण नासलेलं आहे, लेकरांच्या जिवाला धोका आहे, स्वयंपाकीण बदलावी.

"काय कालवलीस ह्याच्यात?"

"सोडा," कोंडाबाई म्हणाली.

"सोड्यानं लाल व्हतंय? आमच्या घरी कामून होत न्हाई?"

विज्ञान शिकवणाऱ्या मंजुश्रीबाई पुढं आल्या. "अण्णा, हळदीचा तो गुणधर्मच..."

"म्याडम, तुमी बदलीवर आलेल्या. गावच्या भानगडीत पडू नका."

बाई दोन पावलं मागं सरकल्या. त्यांचा चेहरा पडलेला पाहून कोंडाबाईला त्यांचीच कीव आली. आठच दिवसांपूर्वी याच बाईंनी तिच्याकडून वाटीभर हळद नेली होती. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून त्याच्या पट्ट्या केल्या. साबणाचं पाणी लावलं की पट्टी लाल, लिंबू पिळलं की परत पिवळी. कोंडाबाई दारात पळी घेऊन उभी राहून ऐकत होती. आंबट ते आम्ल. सोडा, साबण, चुना हे आम्लारी. दोघं भेटले की एकमेकांचा जोर मोडतात आणि त्यातून क्षार होतो, मीठ हा त्यातलाच एक. तेव्हा ती मनात हसली होती. लग्नातल्या हळदीचं लुगडं साबणानं धुतलं की डाग लाल होतात, हे तिला माहीत होतंच. त्या दिवशी त्याला नाव मिळालं.

पण अर्ध्या मुठीनं एवढ्या मोठ्या भांड्याचा रंग इतका फिरत नाही. तिनं सोड्याच्या डब्यात पाहिलं. डबा रिकामा. मग सोजराबाईकडं पाहिलं. सोजराबाई जमिनीकडं बघत होती.

कोंडाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. नाव घेतलं असतं तर तिथंच सुटका होती. पण मग अण्णा म्हणाले असते, आता आमच्या बाईवर ढकलायलीस. तिनं नाव घेतलं नाही.

"बाई, ऱ्हाऊ द्या, मीच दावते," ती मंजुश्रीबाईंना म्हणाली.

तिनं ताटलीत पळीभर वरण घेतलं आणि वर चिंचेचा कोळ ओतला. फसफसून फेस आला, लाली ओसरली, वरण पिवळं झालं. सातवीची पोरं किंचाळली, "आम्ल! आम्ल!" मग तिनं उरलेला सगळा कोळ भांड्यात ओतला. फेस काठापर्यंत चढला आणि बसला. ताटलीतलं वरण तिनं सगळ्यांसमोर ओरपलं.

"झालं का, अण्णा?"

अण्णांनी भांड्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "रंगाचं सोड. गावाचं मन न्हाई."

इतकी वर्षं ज्याच्याभोवती सगळे फिरत होते ते एकदाचं बाहेर पडलं. कोंडाबाईनं पदराला हात पुसला आणि त्यांच्या हातातलं पान बोटानं दाखवलं.

"मग हे खोडा. खरं लिवा. वरण चांगलं हाय, पर कोंडाबाईच्या हातचं चालत न्हाई. खाली सही करा, तारीख टाका. मी सोता कमलनगरला तहसीलात नेऊन देते."

अण्णांनी पेन उघडलं. पोरं बघत होती, मंजुश्रीबाई बघत होत्या. पेन कागदाला टेकलं, तिथंच थांबलं. मग त्यांनी टोपण लावलं, पानाची घडी खिशात घातली आणि "बघून घेतो" म्हणत निघून गेले.

"ताटं घ्या रे," कोंडाबाई म्हणाली.

रांग सरकली. शेवटच्या लेकराला वाढून झालं तरी समोर अजून एक ताट उरलं होतं. सोजराबाईचं.

"दुसरी मूठ माझी," ती खालच्या आवाजात म्हणाली. "डाळ शिजायलीच न्हवती. सांगायला भ्याले मी, अक्का."

तीन वर्षांत तिनं पहिल्यांदा अक्का म्हटलं होतं. कोंडाबाईनं लगेच वाढलं नाही. राग होता, तो असा एका शब्दानं जाणार नव्हता. मग पळी भरली. सोजराबाई पायरीवर गेली नाही. तिथंच चुलीपाशी, समोर तोंड करून बसली आणि पहिला घास घेतला.

"खारट झालंय," ती म्हणाली.

"होणारच. दीड मूठ सोडा आन् एवढी चिंच," कोंडाबाई म्हणाली. "उद्या टाकायच्या आदी इचार मला."

आणि तिनं तिच्या ताटात आणखी एक पळी वाढली.