अंगठ्याचा खळगा

दुसऱ्यांदा स्पंज पिळला तरी तसराळ्यातलं पाणी काळंच झालं. कंपाउंडरांनी चष्मा कपाळावर नेला, पाण्याकडे पाहिलं, चष्मा खाली आणला आणि परत पाहिलं. पाणी काळं ते काळंच.

"काय हो, घरातली भांडी कधी अशी घासलीत का?" बायको आतून म्हणाली. एरवी कंपाउंडरांनी काहीतरी ठेवून दिलं असतं. आज त्यांनी स्पंज पुन्हा पाण्यात बुडवला.

शेजारी त्यांची स्वतःची गळाची काठी भिंतीला टेकून वाळत होती. वर्षभर पडून राहिलेल्या तिच्या बुचाच्या मुठीतून नुसती धूळ निघाली होती, पाणी जेमतेम गढूळ झालं होतं. हातातली मास्तरांची काठीही वर्षभर माळ्यावरच होती. निदान मास्तर तसं सांगत होते.

कंपाउंडरांनी जन्मभर दवाखान्यात औषधाच्या बाटल्यांना बुचं लावली. बूच त्यांच्या हातातलं. ते आणि शाळेत भूमिती शिकवणारे मास्तर सव्वीस वर्षं दर रविवारी सकाळी तलावावर गळ टाकून बसत. वर्षातून एकदा दोन्ही काठ्यांच्या मुठी साफ करायचं काम कंपाउंडरांचं. कोमट पाणी, थोडासा साबण, मऊ स्पंज. मूठ सावलीत वाळली की बुचाचा भुगा गोंदात कालवून खड्डे भरायचे आणि वरून बारीक पॉलिश पेपर फिरवायचा. मास्तरांच्या मुठीवर त्यांच्या अंगठ्याने पडलेला एक खळगा होता. तो मात्र कधी भरायचा नाही. "डोळे मिटले तरी हात जागेवर बसतो रे," मास्तर म्हणायचे.

गेल्या वर्षी मास्तरांचा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गळ बंद करायला सांगितलाय, आता रविवारी मी लेकीकडेच जात जाईन, असं मास्तर म्हणाले. कंपाउंडरांनी त्या हाताला चोळायला स्वतः तेल करून दिलं. दवाखान्यातली जुनी मंडळी दोनदा तलावावर बोलवायला आली. "मास्तर घरी बसलेत आणि मी मजा मारू?" म्हणून यांनी त्यांना परत पाठवलं. बायकोने समजावून पाहिलं, "अहो, हात त्यांचा थरथरतो, तुमचा नाही." पण ऐकतील तर ते कंपाउंडर कसले!

आज सकाळी ते काठी आणायला गेले तेव्हा मास्तर बाहेर गेले होते. वहिनींनी ती दाराआडून काढून दिली. माळ्यावरून नाही, दाराआडून. हे तेव्हा कंपाउंडरांच्या लक्षात आलं नव्हतं, आता आलं.

त्यांनी मूठ उजेडात धरली. एका बारीक खड्ड्यात माशाचा खवला चिकटला होता. नखाने उचलला तर मऊसूत वाकला. वर्षापूर्वीचा असता तर मोडला असता. कंपाउंडरांनी तो कागदावर ठेवला.

संध्याकाळी मास्तर धापा टाकत आले.

"काठी नेलीस म्हणे? कशाला उगाच त्रास घेतलास?"

"बस." कंपाउंडरांनी कागद पुढे सरकवला. "हा तुझ्या मुठीत होता."

मास्तरांनी खवल्याकडे पाहिलं. "जावयाने नेली होती एकदोनदा."

"सगळ्यात जास्त मळ खळग्यात होता. तिथे दुसऱ्या कुणाचा अंगठा बसत नाही."

मास्तरांनी कागद परत सरकवला.

"हात थरथरत नाही ना तुझा?"

"नाही."

"आणि ते तेल?"

"आहे. कपाटात आहे." मास्तर खुर्चीत जरा पुढे सरकले. "अरे, तुला आता दिसत नाही. तुझा गळ सारखा माझ्या दोऱ्यात अडकायचा, गुंता सोडवण्यातच सकाळ जायची. त्यात जावई त्यांच्याकडच्या तळ्यावर चला म्हणायला लागला. तुला तोंडावर कसं सांगणार? वाईट वाटलं असतं तुला. तुझ्यासाठीच केलं रे."

डोळ्यांचं कंपाउंडरांना नवीन नव्हतं. 'तू नुसता काठावर बस' म्हटलं असतं, तर ते बसले असते. चहाचा थर्मास सांभाळला असता. पण वर्षभर ते भेटेल तेव्हा त्या धडधाकट हाताची चौकशी करत राहिले आणि या माणसाने तो पुढे करून दाखवला. केसाने गळा कापायचा आणि वर त्याला माया म्हणायचं. त्यांना रडू येईलसं वाटलं, म्हणून ते उठले.

"दे काठी, जातो," मास्तर म्हणाले.

"ओली आहे. परवा ने."

दुसऱ्या दिवशी मूठ कोरडी ठणठणीत झाली. जुन्या बाटल्यांच्या बुचांचा भुगा ते एका बाटलीत साठवून ठेवत. त्यातला चमचाभर त्यांनी गोंदात कालवला, खड्डे एकेक करून भरले. मग खळग्यात स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. तो बसला नाही. उरलेला सगळा लगदा त्यांनी तिथे दाबला. पुरला नाही, तेव्हा आणखी कालवला. तिसऱ्या दिवशी पॉलिश पेपर घेऊन बसले. डोळ्यांचा भरवसा नव्हता, म्हणून बोटांनी चाचपत घासलं. मूठ वरपासून खालपर्यंत एकसारखी झाली. काम चोख झालं होतं. निदान कामाची इज्जत तरी त्यांना राखायची होती.

मास्तर आले. काठी हातात घेऊन म्हणाले, "वा! नवी कोरी करून टाकलीस की."

त्यांनी सवयीने मूठ धरली. अंगठा पुढे गेला, मागे आला, थोडा वर सरकला. त्यांनी पकड सोडली आणि पुन्हा धरली.

"ठीक आहे ना?" कंपाउंडरांनी विचारलं.

"हो, हो. ठीक आहे," मास्तर म्हणाले, पण अंगठा अजून मुठीवर जागा शोधतच होता.

कंपाउंडरांनी टेबलावरचा भुगा बाटलीत भरला आणि तिला बूच लावलं.